गॅप काही सापडेना

आमच्या लॅबमध्ये किस्से फार साठतात, कारण काम सगळं कॉम्प्युटर करतो! स्फटिकात अणू कसे रचलेत ते आपण त्याला सांगायचं, मग हा पदार्थ चिपमध्ये चालेल का, याचं गणित तो दोन-दोन दिवस करत बसतो. तोवर आम्ही काय करणार? चहा आणि गप्पा.

*

कर्वेनगरच्या माझ्या घरमालकांनी एकदा विचारलं, "नक्की काय करता आपण?"

म्हटलं, "काका, स्फटिकांचा अभ्यास."

काकांनी लगेच बोट पुढे केलं. "मग हा पुष्कराज खरा आहे का बघा. नाही म्हणजे, कधीचा घातलाय, पण भाडेकरू काही चांगले मिळेनात."

*

माझ्या शेजारच्या टेबलावर स्नेहल. हिची पीएचडी एका नव्या पदार्थावर अडकलेली. त्यात 'गॅप' निघायला हवी, म्हणजे इलेक्ट्रॉनना ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट. निघाली तर सेमीकंडक्टर, नाही तर साधा धातू! आणि धातू निघाला की शेवटचं प्रकरण केराच्या टोपलीत, अजून एक वर्ष इथेच.

त्यात गणितातले अणू जागेवर स्थिर व्हायचं नाव घेईनात. याला आम्ही 'रिलॅक्स होणं' म्हणतो. आमचे गाइड सर रोज दारातूनच विचारायचे, "काय स्नेहल, रिलॅक्स झालं का?"

ऑफिसातल्या साळवी मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किती जपतात हो सर पोरीला! आमचे साहेब एकदा तरी असं विचारतील तर शपथ!"

*

शेवटी स्नेहलने तसंच रेटून गॅप काढली. शून्य!

सरांनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. "वा! एवढी गणितं करून तांबं शोधलंत आपण. तांबट आळीत तयार मिळतं हो."

सर गेल्यावर स्नेहल रडलीच. मला सरांचा असा राग आला!

*

दुसऱ्या दिवशी ती मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगत होती, आणि मध्येच थांबली. "ताई, या नव्या सॉफ्टवेअरचं माप वेगळंय!" हिने भरलेली लांबी ते निम्मीच धरत होतं. म्हणजे अख्खा स्फटिक एवढ्याशा जागेत कोंबलेला!

"अगं, टू बीएचकेची माणसं वन आरकेत घातलीस, रिलॅक्स कशी होतील?" आम्ही हसत सुटलो. आकडे बदलले, गणित परत लावलं आणि जीव मुठीत धरून बसलो.

अणू रिलॅक्स झाले. गॅप आली, चांगली घसघशीत! सरांनी पाहिलं, खुर्ची ओढून मटकन बसले आणि म्हणाले, "सुटलो बुवा!" म्हणजे घोर त्यांनाही होता तर. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

*

स्नेहलने तिथूनच लोणी काळभोरला आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, गॅप आली गं! गॅप आली!" पुढे हिला हुंदक्यांनी बोलवेना.

पलीकडून आई म्हणाली, "मग रडती कशाला? वयात चार-पाच वर्षाची गॅप चालती की आजकाल! पोरगा काय करतो, ते सांग आधी!"