भंडारा लागलेला युनिफॉर्म

भिमाबाईनं नातीवर भंडारा उधळला तो चांगला मूठभर. ऋतिकाची मंचरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून आज पहिली ड्युटी, दुपारी दोनची. सकाळीच पांढराशुभ्र टेरिकॉटचा युनिफॉर्म घालून ती बिरदेवाच्या पाया पडायला आली. मेंढरं विकून वीस वर्षं झाली, पण देव घरातच हाय. पोरीला कोरड्या कपाळानं कशी धाडायची? हळद कपाळावर कमी आन युनिफॉर्मवर जास्त पडली.

ऋतिकानं घाईघाईनं साबण चोळला, तसा पिवळा डाग लालभडक झाला.

"आज्जे, दुसरा युनिफॉर्म न्हाई मला! ह्ये रगात सांडल्यागत घालून पेशंटम्होरं जाऊ?"

"हळदीला साबण लागला की ती लाल व्हतीच. आदी झटकायची असती. नर्स झालीस आन एवढं ठावं न्हाई?"

"गरम पाणी ठिवू का?"

"ठिव. मग बस सुरकुत्या मोजत."

भिमाबाई हे एकदाच शिकली होती. धन्यानं बाजारातनं आणलेलं पहिलं नायलॉनचं पातळ तिनं सुती लुगड्यागत उकळत्या पाण्यात घातलं. चुरगाळलं ते चुरगाळलंच. शेवटी गोधडीच्या पोटात गेलं.

तिनं गार पाण्यात हलक्या हातानं युनिफॉर्म धुतला. साबण निघाला, डाग परत पिवळा झाला. न पिळता, निथळताच तिनं तो रखरखत्या उन्हात दोरीवर टाकला.

"आज्जे, आतल्या चिठ्ठीवर सावलीत वाळवा म्हणून लिवलंय!"

"ते रंगीत कापडाला. पांढऱ्याचा कंचा रंग उडायचा? उडंल ती हळद."

ऊन ओला डागच खातं आन टेरिकॉट झटक्यात वाळतं, म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच बसली. डाग वाळला की शिंपड पाणी. शेजारची साळुबाई कुडावरून हसली, "काय भिमे, आता युनिफॉर्म राखतीस व्हय?"

"मेंढरांपरास बरा. पळत तरी न्हाई."

साडेबारापर्यंत डाग उन्हानं खाल्ला. शिवणीत पिवळी रेघ उरली, ती कुणी वाकून बघितल्याबिगर दिसायची न्हाई. पिळलाच नव्हता, त्यामुळं इस्त्रीचंही काम पडलं नाही. ऋतिकानं अंगात घातला, आरशात मागं-पुढं पाहिलं आन पर्स उचलली.

दारात भिमाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन उभीच. ऋतिका दोन पावलं मागं सरली.

"भितीस काय? कापड मागं ठिव, कपाळ म्होरं कर."

ऋतिकानं मान तेवढी पुढं काढली. भिमाबाईनं एका बोटानं टिकलीएवढी हळद टेकवली आन बोट स्वतःच्या पदराला पुसलं.

"जा. एसटी चुकली तर ती उन्हात टाकून मिळायची न्हाई."