शेठ बोक्यावरचा आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो म्हणतो, तुझ्या पोटातलं सगळं मला कळतं — कप्पाळ कळतं.

डिलाईल रोडला आमच्या चाळीमागे बंद मिलची मोकळी जागा आहे, नुसती खडी. दोन वर्षांपूर्वी तिथे टिटवीने चार अंडी घातली. खरं तर हा नदीकाठचा पक्षी, लहानपणी गावी गडनदीच्या वाळूत पाहिलेला. घरटं बांधायचा हिला कंटाळा — दगडांत दगडासारखी अंडी ठेवायची आणि वर जगाला ओरडून सांगायचं. टिटवी ओरडली की अशुभ म्हणणारी आमची चाळ, पण हिच्या प्रेमातच पडली. कावळ्या-मांजरांपासून राखण करायला पाळ्या लागल्या. दुपारची माझी, कारण माझी खिडकी तिकडेच उघडते.

आता जवळ्याचं सांगते. गॅलरीत सुकी मासळी वाळवायला चाळीत बंदी, वास येतो म्हणून — खाताना बरा कुणाला येत नाही? मी म्हटलं, राखण करायचीच आहे तर खडीवर चादरभर जवळाही पसरू. एकाच काठीत दोन कामं. हुशार ना मी?

चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी भात जरा जास्त झाला, जरा पडते म्हणून घरात आले आणि डोळा लागला. टिटवी ओरडत होती. मी ऐकलं — ऐकलं आणि कूस बदलली. उठून बघते तर जवळ्यावर कावळ्यांची पंगत, आणि अंडी दोनच.

मी आधी काय केलं असेल? जवळा गोळा केला. घरात नेऊन लपवला. आणि मग बोंब ठोकली — कांबळे मावशींचा बोका, कांबळे मावशींचा बोका.

मावशी माझ्या शेजारच्या, एकट्याच राहतात. त्यांचा बोका शेठ अख्ख्या चाळीचं दूध प्यायलेला, त्यामुळे पुरावा कोण मागतंय? मावशींनी त्याला पिशवीत घालून कल्याणला भाचीकडे सोडलं. परत आल्या त्या रडूनच. त्याची बशी अजून त्यांच्या दाराशी उपडी असते, मी रोज ओलांडून जाते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पाळी मागून घेतली. आपल्या मांजराने केलंय, आपणच निस्तरायचं, म्हणाल्या. भर उन्हात छत्री उघडून बसायच्या. दोन पिल्लं सुखरूप निघाली, काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळायला लागली. बुद्धपौर्णिमेला मावशींनी चाळभर खीर वाटली, पिल्लांच्या नावाने जास्त साखर घालून. मी दोन वाट्या खाल्ल्या. घशात अडकली का? नाही हो — छान लागली.

यंदा टिटवी परत आलीय. शेठ नाही आला. जेवणं झाली की मावशी छत्री घेऊन माझ्या खिडकीखालून जातात आणि हाक मारतात, "रेखा, तू पड गं जरा. मी आहे."

आणि मी पडते.