आईच्या अंगठीतलं पाणी

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर एका जिन्याखालच्या खोलीत मी खडे तपासते. समोर बसणारा माणूस खिशातून पुडी काढतो आणि एकच विचारतो, "खरा हाय का?" याला एका शब्दात उत्तर नाही, आणि जास्त शब्द ऐकायला कुणाला सवड नसते. खाणीतून निघाला तो नैसर्गिक. यंत्रात वाढवला तो कृत्रिम. त्याची घडण खाणीतल्यासारखीच, फक्त जन्म वेगळा. रंगीत काच माणिक म्हणून खपवली तर ती नकली. आणि खडा जमिनीतलाच, पण ताप देऊन, तेल मुरवून किंवा किरणं सोडून त्याचं रूप पालटलं, तर तो ट्रीटेड. इथवर आलं की लोकांचे चेहरे उतरतात. "म्हंजी खरा हाय, पण न्हाई बी?" असं एका पैलवानानं मला विचारलं होतं. त्याला ज्योतिषानं पुष्कराज सांगितला होता, आणि मी त्याच्या गुरूच्याच मुळावर उठले आहे असं त्याला वाटत होतं. मी तोंडाची फटकळ. खडा खोटा असला तर तोंडावर सांगते, आणि कागदावर खोटं कधीच लिहीत नाही.

हे खड्यांचं वेड आमच्या घरात कुठून शिरलं, हे माझ्या वडिलांना कधी कळलं नाही. आप्पा गलाईवाले. विट्याजवळच्या आमच्या कोरड्या गावातली निम्मी घरं याच धंद्यात. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं आणि त्यासाठी पार मुलूख सोडून जायचं. आप्पांनी उमर तमिळ मुलखात भट्टीपुढं घालवली. गलाईवाल्याच्या लेखी खडा म्हणजे घट, वजनातून वजा करायची वस्तू. मुशीत दागिना टाकायच्या आधी खडे उचकटून काढायचे आणि गिऱ्हाइकापुढं ठेवायचे. त्यानं नेले तर नेले, नाहीतर केरात. मी रत्नपरीक्षा शिकायला मुंबईला जाते म्हटल्यावर ते आईला म्हणाले होते, "आमी जे झाडून टाकलं, ते ही वेचत बसणार."

तरी त्यांनी जन्मात एक खडा विकत घेतला होता. आईसाठी अंगठी आणली, तिच्यात जांभळा खडा. बाजारात त्याला कटेला म्हणतात, आम्ही अॅमेथिस्ट म्हणतो, जात स्फटिकाची. फार किमती नव्हे. आई ती अंगठी घालून धुणं धुवायची, शेण काढायची, भाकरी थापायची, आणि आलागेला कुणी विचारलं की म्हणायची, "आमच्या गलाईवाल्यानं घट घातलीया माझ्या बोटात." आप्पा हसल्यासारखं करायचे आणि बाहेर जायचे.

शिकत असताना एका दिवाळीला मी नवीकोरी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, घरी आणली आणि सगळ्यांत आधी आईचा हात पकडला. खड्याच्या पोटात जे काही असतं त्याला आम्ही इन्क्लूजन म्हणतो. गिऱ्हाईक त्याला डाग म्हणतं आणि नाक मुरडतं. आमची मात्र सगळी ओळख त्यावरच चालते, कारण दोन खड्यांची पोटं सारखी नसतात. आईच्या खड्यात एका कडेला बारीक आडवे पट्टे होते, जांभळ्या स्फटिकात बऱ्याचदा असतात तसे. आणि पट्ट्यांच्या शेवटी, बरोब्बर कोपऱ्यात, एक इवलीशी पोकळी होती. तिच्यात पाण्याचा थेंब, थेंबात बुडबुडा. हात कलता केला की बुडबुडा सरकायचा. स्फटिक जमिनीत वाढत असताना आत कोंडलं गेलेलं पाणी ते, माणूस जन्माला यायच्या आधीचं.

मी आईच्या डोळ्याला लूप लावून दिली. पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तिनं बोट हळूच कलतं केलं.

"आत खरंच पानी हाय?"

"हाय की."

"आगं, आख्ख्या गावाला टँकर, आन माझ्या बोटात पानी!"

तेव्हापासून ते तिनं गावभर केलं. देवळात, दळणाच्या गिरणीत, टँकरच्या रांगेत. "तुमची हिर आटंल, माझी न्हाई आटायची." मी घरी गेले की लूप मागायची आणि खिडकीशी बसून बोट डावीउजवीकडे कलतं करत राहायची. त्या वेळी ती लहान मुलीसारखी दिसायची.

मग तिला कर्करोग झाला. मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या. आधी सलाइनमधून औषधं, मग किरणांचा शेक. शेक घेऊन आली की गळ्याखालची कातडी काळी पडलेली असायची आणि पाण्याचा घोटसुद्धा गिळवायचा नाही. मी सांगलीत, म्हणजे हाकेच्या अंतरावर, तरी तिचं सगळं केलं ते माझ्या वहिनीनं. दादा तिकडं तमिळ मुलखात, गावी परतलेल्या आप्पांचं दुकान बघत होता आणि वहिनी इथं आईचं न्हाणं-धुणं बघत होती. आईची बोटं इतकी बारीक झाली की अंगठी गळून पडायला लागली. तेव्हा वहिनीनंच ती विट्याला सोनाराकडं नेऊन आवळून आणली. आई शेवटपर्यंत ती घालून होती.

आई गेली तेव्हा आप्पा रडले नाहीत. दहावं झालं, तेरावं झालं, तरी नाही.

आमच्या घरात रीत अशी की गेलेल्या बाईचं सोनं घरच्याच माणसानं आटवायचं आणि लेकी-सुनांना सारखं वाटायचं. परक्याच्या मुशीत ते जाऊ द्यायचं नाही. आप्पांनी परड्यात लहान भट्टी मांडली. आईचा सगळा ऐवज आटवला. सगळ्यात शेवटी अंगठी घेतली. तिचा खडा मला द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यानंतर आठवडाभरानं ते सांगलीला आले. मी मान वर केली तर आप्पा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलेले, टोपी मांडीवर. खिशातून पुडी काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

"बघ. ह्यो तुझ्या आईचा न्हाई."

पुडीत एक फिकट खडा होता. पाण्यात चहाचे दोन थेंब पडावेत इतकाच रंग.

"अंगठी काळी झाल्याली, खडा मळल्याला. आटवाय घेतली, धुतली, तर ह्यो निघाला. जांभळा व्हता न्हवं? सोनाराकडं कोण घिऊन गेलं व्हतं? मी सुनंला इचारलं. रडाय लागली. रडून काय हुतंय? पोरास्नी घिऊन गेली रहिमतपूरला, म्हायेरी." त्यांनी पुडी आणखी पुढं सरकवली. "तू लिवून दे खडा बदललाय म्हनून. दादाला दावतो."

ज्या बाईनं वर्षभर आईचं अंथरूण काढलं, तिच्या कपाळावर चोरीचा शिक्का बसवायला माझी सही हवी होती. माझा संताप संताप झाला. पण मग आप्पांचे हात बघितले. त्यांची नखं भाजलेली होती.

मी खडा पुसला. आधी अपवर्तनांक पाहिला, म्हणजे प्रकाश खड्यात शिरताना किती वाकतो ते. स्फटिकाचाच आला, पण स्फटिक जांभळा असो की पिवळा, आकडा एकच, त्यावरून काही ठरत नाही. मग लूप लावली.

पट्टे जागच्या जागी होते. तीच कड, तेच अंतर. ते मी अंधारातही ओळखले असते. पट्ट्यांच्या टोकाला पोकळी होती. कोरडी. तिच्याभोवती बारीक तडे चहूकडं गेले होते. आतलं पाणी तापून, पोकळी फोडून निघून गेलं होतं.

मी खूप वेळ लूप काढली नाही. डोळा भरून आला होता आणि आप्पांना तो दाखवायचा नव्हता.

"आप्पा," मी शेवटी विचारलं, "खडा काढताना आच दिली का?"

"खड्याखालची लाख सैल कराया. बारीक. खडा उचकटंना."

"किती वेळ?"

त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली. "बारीकच धरली हुती. मग तिची बोटं ध्यानात आली. आंगठी केवढी ल्हान झाली हुती, बघितलीस न्हवं? किती येळ धरली, म्हायीत न्हाई."

चाळीसेक वर्षं आगीपुढं बसलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. खडा कायम आधी निघायचा. आगीत खड्याचं काय होतं, हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. जांभळा स्फटिक तापला की त्याचा रंग उडतो. बाजारात मुद्दाम तापवून पिवळे करतात, आणि मी दिवसाला दहा जणांना ते सांगते. त्या दिवशी ते आप्पांना सांगायचं होतं.

"आप्पा, हा आईचाच आहे. बदललेला नाही. तापून रंग गेलाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खड्याकडं. मग स्वतःच्या हातांकडं. बाहेर कट्ट्यावर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती काही केल्या चालू होत नव्हती. आप्पा रडायला लागले. तोंडावर टोपी दाबून, आवाज न करता, खांदे हलत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "परत येतोय का रंग?"

"कधी कधी येतो. किरणं द्यावी लागतात. येईलच असं नाही."

"किरनं म्हंजी? आईला मिरजंला दिला त्यो शेक?"

"तसलाच."

"नगं," ते लगेच म्हणाले. "नगं. लय शेक झाला तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं रहिमतपूरला गेलो. वहिनी दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. आप्पांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच तिच्यापुढं हात जोडले. "पोरी, माझ्याच हातनं झालं. खडा तिचाच हाय. तुझ्यावर आळ घेतला, माझी जीभ झडू दे." वहिनीनं त्यांचे हात धरून खाली केले. "आवं, आसं नका करू आप्पा," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "वन्सं, खरंच त्येंचाच हाय न्हवं?" मी मान हलवली. मग ती आत जाऊन भिंतीला टेकून ढसाढसा रडली. तिलाही आईसाठी रडायचं होतं, आणि चोर ठरल्यापासून तिला ते जमलं नव्हतं.

परतीच्या गाडीत ती पोरांना घेऊन पुढच्या सीटवर होती. औंधचा डोंगर आला तसे आप्पांनी देवीला हात जोडले. पुडी उघडली, खडा चिमटीत धरला आणि खिडकीच्या उजेडात डावीकडं कलता केला, मग उजवीकडं. आई करायची तसाच.

"रंग जाऊ दे," ते म्हणाले. "पानी तर हाय न्हवं आत आजून?"

माझ्या पर्समध्ये लूप होती.

"हाय आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांनी लूप मागितली नाही, आणि मीही काढून दिली नाही. गाव येईपर्यंत ते खडा कलता करत राहिले.