मागं गेलं की सांडतंय

नातीला किनवटच्या होस्टेलात घालायचं होतं आन् फारम भरायचा त्यो शेवटला दिवस. आमच्या गावात दहावीच्या पुढं शाळा न्हाई. फारम चुकला की पोरगी माझ्यासंगं कापसात. तिच्या मायचं तसंच झालं, माझंबी.

नायगावला ऑनलाइनच्या दुकानात गेलो. दुकानवाली बाई चांगली, पर लई घाईची. नातीनं सांगितलं, "धर्म बौद्ध." बाईनं लिवलं, बटन दाबलं, दुसरं पान आलं.

मी म्हणलं, "बाई, पयलं पान परत दावा. बौद्ध लिवलंय का बघू द्या."

"लिवलंय आज्जी."

"दावा की."

मला वाचता येत न्हाई, पर तेवढा शब्द वळखते. माझ्या लेकाच्या दाखल्यावर मास्तरानं न इचारता हिंदू लिवून टाकलं होतं. ते दुरुस्त करायला नांदेडला किती खेटे घातले ते माझ्या पायांना म्हाईत. तवापासून कागद कुणाचाबी असो, बघितल्याबिगर मी हलत न्हाई.

बाईनं मागं नेलं. बौद्धाच्या जागी हिंदू. नाव कोरं, गाव कोरं.

"बघा," मी म्हणलं.

परत भरलं. परत मी बघायला मागितलं. परत तेच. नातीच्या दाखल्याशी जुळलं न्हाई की फारम वापस येतोय, म्हणून बाईबी तसंच पुढं ढकलंना. नात दात खाऊन म्हणली, "आज्जी, गप बस की जरा."

शेवटी बाईनं खुर्ची माझ्याकडं फिरवली. "आज्जी, ह्या पानावरचं पुढच्या पानाला द्यावं लागतंय, आन् पुढच्यानं ते धरून ठेवावं लागतंय. ज्यानं ह्ये बनवलं त्यानं मागं यायची सोयच केली न्हाई. मागं गेलं की सगळं सांडतंय. मंग धर्माच्या यादीत जे वर हाय तेच येऊन बसतंय."

"मंजी मी बघते म्हणून जातंय?"

"हाव."

"भूकंपानंतर किल्लारीला घरांच्या कामावर होते मी. बाया रांगेनं घमेली पुढं द्यायच्या. मागं बघितलं म्हणून कुणाचं घमेलं रिकामं झालं न्हाई."

"त्या बाया होत्या आज्जी. तुमी भाईर बसता का? पाचला फारम बंद होतोय."

बसले पायरीवर. आत बटनं वाजून ऱ्हायली. दोनदा उठले, दोनदा बसले.

नात कागद घेऊन आली. शब्दावर बोट ठेवलं. बौद्ध.

"आता तरी चल."

"थांब. नाव वाच. गाव वाच."

कपाळाला आठ्या घालून तिनं वाचलं.

होस्टेलच्या यादीत तिचं नाव लागलं. किनवटला सोडायला मीच गेले. तिथल्या बाईनं वही उघडून इचारलं, "धर्म?"

म्हणलं, "फारमात हाय की."

"ते आमच्याकडं येत न्हाई. परत सांगा."

सांगितलं परत.