माकुळाची चोच

सासऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून नकोशी होते, आणि मलाही ते. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी लग्न होऊन मी मंगळवार पेठेत आले, ती प्राणिशास्त्राची पदवी घेऊन. सासरे वैद्य. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत. ‘बेडूक फाडणारी सून’ अशी माझी ओळख ते रोग्यांना करून देत.

त्यांच्या औषधांत अंबर सगळ्यांत मोलाचं. कोकणातला एक माणूस वर्षातून एकदा करड्या रंगाचा मेणचट खडा आणून देई. “समुद्रातल्या झाडाचा डिंक,” असं सासरे सांगत. सासूबाईंच्या छातीत धडधड व्हायची, म्हणून त्यांना रोज सकाळी मधातून चिमूटभर मिळे. त्या कांदासुद्धा न खाणाऱ्या.

एकदा मुरगूडचा एक शेतकरी औषधाला आला होता. त्याच्यासमोर सासऱ्यांनी नवा खडा फोडला, तर आतून पोपटाच्या चोचीसारखा काळा तुकडा निघाला.

“हे बघा, झाडाचं बी,” ते म्हणाले.

मी चहा द्यायला आले होते. गप्प राहता आलं असतं. राहिले नाही.

“मामंजी, ती माकुळाची चोच आहे. स्पर्म व्हेल म्हणून एक देवमासा असतो. तो समुद्रात खूप खोल बुडी मारून माकुळं, म्हणजे लांब सोंडांचे बिनहाडांचे प्राणी, खातो. मऊ भाग पचतो, चोची पचत नाहीत. आतड्यात त्यांच्याभोवती हा खडा धरतो.”

“म्हणजे मी लोकांना घाण चारतो?”

“आतड्यातलं आहे, एवढंच म्हणाले.”

शेतकऱ्यानं विचारलं, “केवढं आसतंय ते जनावर?”

“तीन बैलगाड्या बैलांसकट एकापुढं एक लावा, तेवढं. नुसतं डोकंच एका गाडीएवढं.”

“मग ताकद आसणारच की,” तो म्हणाला. “वैद्यबुवा, दोन पुड्या जास्त बांधा.”

सासरे माझ्याकडं बघून हसले. दुसऱ्या दिवशी माझं प्राणिशास्त्राचं पुस्तक पाण्याच्या बंबात जळताना दिसलं. कुणी घातलं, हे विचारायची गरज नव्हती.

सासूबाईंनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

“माशाचं आहे ते?”

“मासा नव्हे, आत्याबाई. तो आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो. मादी पिलाला दूध पाजते.”

मला वाटलं, यानं त्यांना बरं वाटेल.

“म्हणजे गाईसारखंच की,” त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

त्यांनी अंबर सोडलं. महिन्याभरात धडधड वाढली, अंथरूण धरलं. डॉक्टरच्या औषधानं फार फरक पडला नाही. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तर त्यांनी वाटी बाजूला सारली.

“मला गुण येत होता. तुला सांगायची काय गरज होती?”

मी सांगितलं ते खरं होतं. पण ते मी त्यांच्यासाठी बोलले नव्हते. मामंजींना रोग्यासमोर खाली बघायला लावायचं होतं मला, आणि हे त्या ओळखून होत्या.

दवाखान्यातली गर्दी मात्र जराही कमी झाली नाही.

वर्षाच्या आत चूल वेगळी झाली. मला शाळेत नोकरी लागली, कसबा बावड्याला भाड्यानं दोन खोल्या मिळाल्या. निघताना सासरे माझ्यादेखत माझ्या नवऱ्याला म्हणाले, “तिला सांग, काही विसरून ठेवू नको. पुन्हा यायला लागायला नको.”

मी फडताळ पुन्हा एकदा उघडून बघितलं, आणि निघाले.