शेळीनं पास केलेला जिना

आमच्या घराच्या जिन्यात जेवढी अक्कल हाय तेवढी समदी माही. दुसऱ्या कुणाला दोष देऊ नका. साळा मी शिकलो न्हाई, पण तो काय बहाना न्हाई; राणीसावरगावाकडं माझ्यासारख्या अंगठेबहाद्दरांनीबी धड जिने बांधलेत.

स्लॅब पडला तवा गवंडी म्हन्ला, "जिना मधी वळवू. पायरी वीतभराच्या आत घेऊ, अन् पाऊल पुरं बसंल इतकी रुंद." वळवायचा म्हंजी शेरडांच्या कोठ्यातली जागा जाती. मी म्हन्लं, "कोठा हालणार न्हाई. सरळ उभा घ्या." घेतला त्यानं. पायरी गुडघ्याला लागायली अन् टाच बाहेर लोंबायली. कठडा मीच नको म्हन्लं, लोखंड लय महाग.

मग तपासणी. आमी शेरडं राखणारी माणसं. माळावर वाट हाय का न्हाई ते आमाला शेळीच सांगती. एक शेळी सोडली जिन्यावर. टणाटण वर गेली, टणाटण खाली आली. मी म्हन्लं, "पास!"

बायको म्हन्ली, "तिला चार पाय हायेत."

"तूबी हात टेकव की, झाले चार!" जमलेले लोक हसले. मीबी हसलो, सगळ्यात जास्ती.

या उन्हाळ्यात पोरीला बघायला पालमचे पाव्हणे आले. पोरगा अन् त्याचे आईबाप. पोहे झाले, चहा झाला, इचारपूस झाली. समदं गोड चाललं होतं, पण मला दम निघंना. नवा स्लॅब दाखवायची हौस. "वरी चला, वारं लय छान लागतंय."

चढताना पुढची पायरी हातानं धरता येती, म्हून समदे पाव्हणे चढले. उतरताना मी पुढं, मागून बापलेक बसत-घसरत आले खाली. पोराची आई वरच्या पायरीवर आली, खाली बघितलं अन् मटकन बसली.

"मी न्हाई उतरत. इथंच ऱ्हाते."

मी हात द्यावा तर ती होणारी ईन. पोरीच्या बापानं तिचा हात धरायचा न्हाई. तिचा मालक खालून म्हन्ला, "अगं ये, काय होत न्हाई."

"मग या की वरी मला न्यायला!"

मालकानं पायऱ्या वरपर्यंत बघितल्या अन् एक पाऊल मागं सरला. मला वाटलं, हसवून वेळ निभावून न्यावी. म्हन्लं, "ईनबाई, पोरगी आमी तुमच्याकडं नांदायला पाठवणार, अन् तुमीच इकडं ऱ्हायलात का?"

कुणीच हसलं न्हाई. पोराच्या बापानं तर तोंडच फिरवलं. पोरीचं जमत आलेलं लग्न माह्या जिन्यावर बसून ऱ्हायलं होतं, अन् मी खाली उभा राहून चेष्टा करायलो होतो.

तेवढ्यात खाली बसलेली माही पोरगी उठली. बघायच्या दिवशी पोरीनं मान खाली घालून बसावं; हिनं पदर कमरेला खोचला अन् सरसर वर गेली.

"मावशी, खाली बघू नका. माह्याकडं पाठ करा, शिडीवरून उतरल्यावानी. तुमचा पाय मी ठेवते." बाईचं एक-एक पाऊल हातानं धरून पायरीवर टेकवत तिनं खाली आणलं.

बाईनं घाम पुसला. "तुला भ्याव वाटत न्हाई गं?"

"आधी न्हाई वाटायचं. तुरीची पाटी घेऊन पडले, तवापसून मीबी अशीच उलटी उतरते."

पडली? कवा? मी बायकोकडं बघितलं.

ती हळूच म्हन्ली, "मुका मार होता. तुमाला सांगून काय? तुमी त्याचाबी जोक केला असता."

पाव्हणे निघताना बाई दारात थांबल्या. पोरीच्या गालावरून हात फिरवला. "आमाला पसंत हाय. तुमचा काय तो इचार कळवा."

बायकोनं समद्यांच्या हातावर साखर ठेवली. माही तशीच मुठीत ऱ्हायली, घामानं इरघळायली. पोरीला इचारायचं होतं, कुठं लागलं होतं गं? पण तोंड उघडलं तर त्यातून काहीतरी चेष्टाच निघंल, या भ्यावानं मी गप बसलो.