हिरवा त्रिकोण

लग्न होऊन भातकुलीजवळच्या या भाजीच्या वावरात आले, तेव्हा घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच. म्हणून तणनाशकाच्या बाटलीवरचं वाचायचं काम माझ्याकडे आलं. विषाच्या खुणेचा त्रिकोण लाल असला की मी बाटली उंच फळीवर ठेवायची. हिरवा असला की नवऱ्याला सांगायची, "हिरवा हाय, फवारा." दुकानदार हसायचा, "मावशी, हिरवा म्हणजे गाईचं दूध समजा." नवरा उघड्या अंगानं फवारायचा, गळका पंप पाठीवर. मी अडवलं नाही.

यंदा त्याच्या मानेत गाठी आल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. मी परक्या माणसाशी बोलत नाही, पण त्या दिवशी पिशवीतली रिकामी बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"यानंच झालं का?"

"यांना यानंच झालं, असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पुरावा किती पक्का, ते पाहून तज्ज्ञ अशा पदार्थांचे गट करतात. तंबाखू पक्क्या गटात आहे. यातलं औषध 'बहुधा कॅन्सर करतं' या गटात. किती अंगात गेलं तर किती धोका, हे गटावरून कळत नाही."

"अन् हा हिरवा त्रिकोण?"

"पोटात गेलं, अंगावर सांडलं तर लगेच किती विषारी, तेवढंच तो सांगतो. कॅन्सरचा हिशेब त्यात नाही."

मी बाटली परत पिशवीत कोंबली. हे बाटलीवर लिहायला कोणाचा हात दुखत होता? इतकी वर्षं मी वाचत होते ते काय होतं? 'बहुधा' म्हणणाऱ्यांचं एक अक्षर आमच्या वावरापर्यंत आलं नाही, त्रिकोण मात्र रंगवून आला.

वावरात परत आले तर सून बांधावर नवीन बाटलीचं झाकण दातानं उघडत होती. पोटुशी आहे ती. मी बाटली हिसकावली.

"काहून वं माय?" मुलगा ओरडला. "हिरवाच तं हाय! तूच सांगे न!"

"चुकीचं सांगे मी. तो त्रिकोण आज मरशीन का नाई तेवढंच सांगते. धा वर्सानं काय होते, ते त्याले पुसलं कोनं?"

"मंग सारं वावर हातानं निंदतं का?"

"निंदीन."

मी विळा घेऊन तण काढायला वांग्यात बसले. सून मागून आली, तिला परत पाठवलं. मुलगा दोन दिवस तिकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी कपाळावर आठ्या घालून शेजारच्या ओळीत येऊन बसला. ती नवीन बाटली माझ्या पेटीत आहे, कुलूप लावून. पेटी उघडली आणि तो हिरवा त्रिकोण दिसला की अजून मी झाकण रागानं आपटते.